किटली, दिवा आणि वर्गणी

अनंत चतुर्दशीची रात्र इंदूरकरांना नव्याने सांगायला नको. लवकर जेवून जेल रोडला नाहीतर राजवाड्यापाशी जागा धरायची आणि एकामागून एक झांक्या बघत पहाट करायची. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी ही मिलांची नावं आमच्या पिढीला कापडामुळे नव्हे, झांक्यांमुळे पाठ झाली. मिलांचे भोंगे थांबून किती वर्षं लोटली, तरी कामगारांच्या समित्या अजून झांकी काढतात. लहानपणी मला झांकीतल्या देवापेक्षा त्या देवाचा हात हलतो कसा याचं कुतूहल जास्त. गाडी पुढे सरकली की मागून वाकून बघायचं. एक मोटर, एक पट्टा, एक फिरणारी चकती, चकतीच्या कडेला अडकवलेली लोखंडी कांब आणि कांबेच्या वरच्या टोकाला हनुमानाची गदा. पुढे पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या डिप्लोमात हाच क्रँक पुस्तकात भेटला तेव्हा जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं.

गेल्या वर्षापासून मी रात्रीच्या जेवणानंतर घरच्या कॉम्प्युटरवर थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकतो आहे. वय सेहेचाळीस, नोकरी राज्य सरकारची, गुरू म्हणाल तर घरातलीच, अकरावीत शिकणारी मुलगी. शिकता शिकता या विद्येचा इतिहासही वाचत गेलो आणि एक गंमत लक्षात आली. नवशिक्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे जे करायला लावतात, ते प्रत्येक कधी ना कधी कोणा नवशिक्यानेच पहिल्यांदा केलेलं आहे, आणि तेही बहुतेक वेळा घरातली एखादी वस्तू समोर ठेवून. तो इतिहास आपल्या वाचकांना सांगावा म्हणून हा लेख. त्यात एक वर्गणीची गोष्टही आहे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत ती शोभेल.

आधी मूळ कल्पना सांगतो. कॉम्प्युटरला गोल, वळणदार, मऊ असं काही कळत नाही. त्याला कळतात फक्त बिंदूंचे आकडे: डावी-उजवीकडे किती, पुढे-मागे किती, वर-खाली किती. तीन-चार बिंदू जोडले की एक सपाट तुकडा होतो. असे शेकडो सपाट तुकडे कडेला कड लावून शिवले की वळणदार वस्तूचा भास होतो. आपला द्रोण आठवा. पान सपाटच असतं, पण दुमडून काड्या टोचल्या की त्यात कढी राहते. थ्रीडीतली प्रत्येक वस्तू, मग तो डायनासोर असो की बाहुली, मुळात असा एक शिवलेला द्रोण आहे.

ही शिवण पहिल्यांदा जिथे जोरात बसली ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी, तिथलं युटा विद्यापीठ. डेव्हिड इव्हान्स यांनी तिथे संगणकशास्त्राचा विभाग उभा केला आणि १९६८ साली आयव्हन सदरलंड त्यांच्याकडे आले. हे तेच सदरलंड ज्यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम करून पडद्यावर थेट प्रकाशाच्या पेनने आकृती काढून दाखवली होती. ज्यांनी आयुष्यात टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर घेऊन शीट रंगवल्या आहेत त्यांनी या माणसाला मनातल्या मनात एक नमस्कार करावा. ऑटोकॅड वगैरे सगळी वंशावळ तिथूनच निघते.

या दोघांचे विद्यार्थी काय करत होते? फुटपट्टी घेऊन मापं काढत होते! फ्रान्सहून आलेल्या आंरी गुरो याने आपल्या बायकोच्या, सिल्व्हीच्या, चेहऱ्यावर रेघा आखल्या, चौकटी पाडल्या आणि त्या बिंदूंची मापं कॉम्प्युटरला दिली. चेहरा दिसू लागला, पण पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा, तुकड्या-तुकड्यांचा. मग त्याने शेजारशेजारच्या तुकड्यांमधला उजेड हळूहळू एकमेकांत मिसळण्याची रीत काढली. ते वर्ष १९७१. पुढच्याच वर्षी सदरलंड यांनी वर्गाला त्यांच्या पत्नीची फोक्सवॅगन बीटल गाडी दिली. मुलांनी गाडीच्या पत्र्यावर बिंदू नि रेघा काढल्या आणि काठ्या-पट्ट्या लावून तिची मापं घेतली. या मुलांत बुई तुओंग फोंग नावाचा व्हिएतनामी तरुण होता. चकचकीत पृष्ठभागावर उजेडाचा ठिपका कुठे नि केवढा पडतो याचं सोपं गणित त्याने बसवलं. पीतळी समईवर जी चमक दिसते ना, ती कॉम्प्युटरमध्ये आणणारा हा माणूस. १९७५ साली, वयाच्या बत्तिसाव्या-तेहेतिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. थ्रीडी शिकणाऱ्याला ‘गुरो’ आणि ‘फोंग’ हे शब्द आजही भेटतात. ती माणसांची नावं आहेत हे मला कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं. फोंग म्हणजे कुठलं तरी चिनी यंत्र असावं अशी माझी समजूत.

त्याच टोळीतला एडविन कॅटमुल. याला लहानपणापासून डिस्नेमध्ये अ‍ॅनिमेटर व्हायचं होतं, पण आपल्याला तेवढं चांगलं चित्र काढता येत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो भौतिकशास्त्र नि संगणकाकडे वळला. १९७२ मध्ये त्याने आपल्याच डाव्या हाताचा प्लॅस्टरचा साचा केला, त्यावर सुमारे साडेतीनशे त्रिकोण-चौकोन आखले, प्रत्येक कोपऱ्याचं माप काढलं आणि ते आकडे एकेक करून मशीनमध्ये टाईप केले. मग पडद्यावर तो हात उघडला, मिटला, बोट पुढे करून दाखवू लागला. फ्रेड पार्क या सहकाऱ्याने केलेला बोलका चेहराही त्याच फिल्ममध्ये आहे. जेमतेम काही मिनिटांची ही फिल्म, पण २०११ साली अमेरिकेने ती जपून ठेवण्याच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत घेतली. चित्र काढता न येणाऱ्या माणसाने केलेली फिल्म, हे लक्षात ठेवा. माझ्यासारख्याला त्याचा फार आधार वाटतो.

आता किटली. १९७५ साली याच युटात मार्टिन न्यूएल नावाच्या संशोधकाला प्रयोगासाठी एक वस्तू हवी होती. ती फार सोपी नको, फार अवघडही नको. तिला पोट हवं, भोक हवं, आणि तिची स्वतःची सावली तिच्यावरच पडायला हवी. घरी चहा पिताना पत्नी सँड्रा म्हणाली, समोरचा हा चहाचा संचच का घेत नाहीस? न्यूएलने आलेख कागदावर किटलीचं चित्र काढलं आणि त्यावरून वळणांचे आकडे काढले. ही वळणं मांडण्याची रीत पिएर बेझिए या रेनो मोटार कंपनीतल्या इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते. गाड्यांच्या पत्र्याच्या वळणांसाठी त्याने ती वापरात आणली होती. म्हणजे मेकॅनिकलवाल्यांनी इथेही पाय लावलेला आहे.

न्यूएलने ते आकडे सगळ्यांना देऊन टाकले. झालं, जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत तीच किटली उकळू लागली. उजेडाची नवी रीत काढली, लाव किटलीला. सावलीची काढली, लाव किटलीला. खरी किटली आहे त्यापेक्षा उंच. जिम ब्लिन या सहकाऱ्याने ती पडद्यावर दाबून बुटकी केली आणि मग ती तशीच सगळीकडे गेली. आणखी मजा म्हणजे न्यूएलच्या आकड्यांत किटलीला बूडच नव्हतं! ते पुढे दुसऱ्यांनी बसवलं. खरी किटली आता कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहासाच्या संग्रहालयात काचेआड आहे, आणि तिची आकड्यांतली जुळी बहीण ‘थ्रीडी मॅक्स’ सॉफ्टवेअरमध्ये गोल, चौकोन, नळकांडं यांच्या शेजारी एक बटण होऊन बसली आहे.

इथवर वस्तू झाल्या. त्यांत जीव आणण्याची गोष्ट निराळी आहे, आणि तिथे गाठ पडली ती उलट्या प्रकारच्या नवशिक्याशी. जॉन लॅसेटर हा डिस्नेच्या तालमीतला चित्रकार. कॉम्प्युटरने चित्रपट करू या म्हणून मागे लागला आणि डिस्नेने त्याला कामावरून कमी केलं. कॅटमुल तोवर लुकासफिल्ममध्ये संगणक विभाग चालवत होता, त्याने लॅसेटरला जवळ केलं. एकाला चित्र येत नव्हतं, दुसऱ्याला गणित. १९८४ मध्ये त्यांची ‘आंद्रे आणि वॉली बी’ ही छोटी फिल्म तज्ज्ञांच्या परिषदेत दाखवायची वेळ आली तेव्हा ती पुरी झालेलीच नव्हती. काही भाग नुसत्या तारांच्या सांगाड्यात दाखवावा लागला. चतुर्थीच्या सकाळी मखराचे खिळे ठोकणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

१९८६ च्या फेब्रुवारीत तोच विभाग स्टीव्ह जॉब्ज यांनी विकत घेतला आणि ‘पिक्सार’ ही कंपनी झाली. लॅसेटर अजून कॉम्प्युटरवर वस्तू घडवायला शिकतच होता. शिकायला म्हणून त्याने टेबलावरचा दिवा घेतला, तोच, सांध्यांवर वाकणारा, ड्रॉइंग बोर्डाला चिमट्याने लावतात तसला. त्या सरावातून ‘लक्सो ज्युनिअर’ ही दोन मिनिटांची फिल्म झाली: एक मोठा दिवा, एक छोटा दिवा आणि एक चेंडू. ना डोळे, ना तोंड, ना हात. तरी छोटा दिवा चेंडूवर उड्या मारतो, तो चेंडू फुटतो, दिवा मान खाली घालतो आणि बघणाऱ्याला ते बाळ वाटतं. परिषदेत फिल्म संपल्यावर किटलीवाले जिम ब्लिन लॅसेटरकडे आले. आता हे सावलीचं गणित विचारणार म्हणून लॅसेटर धास्तावला. ब्लिननी विचारलं, मोठा दिवा आई आहे की बाप?

या चेंडूपाशी मी सहा आठवडे अडलो होतो, म्हणून इथे जरा थांबतो. अ‍ॅनिमेशनचा पहिला धडा सगळीकडे एकच असतो, चेंडू टप्पे घेत जातो तो दाखवा. सेकंदाला चोवीस चित्रं. त्यातली महत्त्वाची आपण द्यायची, त्यांना कीफ्रेम म्हणतात: चेंडू वर, चेंडू जमिनीवर, पुन्हा वर. मधली चित्रं कॉम्प्युटर भरतो. पूर्वी हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये या मधल्या चित्रांसाठी निराळे मदतनीस बसवलेले असत. मी तीन कीफ्रेम दिल्या, बटण दाबलं, आणि चेंडू पाण्यात बुडाल्यासारखा संथपणे खाली आला, जमिनीपाशी रेंगाळला आणि फुग्यासारखा वर गेला. टप्पा म्हणून नाहीच.

मुलगी म्हणाली, “बाबा, वर हळू, खाली जोरात.” मला ते कळेना. मग एकदम झांकीचा क्रँक आठवला. फिरत्या चकतीला जोडलेला हात दोन्ही टोकांना आपोआप हळू होतो आणि मध्ये वेग घेतो. म्हणूनच हनुमानाची गदा मोटरवर असूनही डौलदार दिसते. कॉम्प्युटरही मुकाट्याने तसंच करतो, दोन कीफ्रेममध्ये सुरुवातीला हळू, मध्ये वेगात, शेवटी हळू. गदेला ते शोभतं. पण चेंडूला जमीन हे थांबण्याचं ठिकाण नाही, ती धडक आहे. तिथे त्याचा वेग सगळ्यात जास्त हवा. वेळेच्या आलेखावर चेंडूच्या उंचीची रेघ वर कमानीसारखी गोल आणि खाली सुरीसारखी टोकदार हवी. मी ते टोक करून दिलं आणि चेंडू टणकन उडाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सौ. झोपेतून उठून विचारायला आली, काय पडलं म्हणून.

हे हळू-जोरात, दबणं-ताणणं, उडी मारण्याआधी खाली बसणं असे बारा नियम डिस्नेच्या जुन्या चित्रकारांनी अनुभवातून बसवले होते. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ते आपल्या पुस्तकात मांडले. लॅसेटरने १९८७ मध्ये लेख लिहून हेच नियम कॉम्प्युटरवाल्यांना समजावून दिले. माझ्या मते या विद्येच्या इतिहासातलं खरं वळण हे आहे, नवी मशीनं नव्हेत. १९९५ मध्ये पूर्ण लांबीचा पहिला संगणकी चित्रपट ‘टॉय स्टोरी’ आला. त्यात एक लाख चौदा हजारांवर चौकटी आणि एकेका चौकटीला कित्येक तास मशीनं चालली वगैरे आकडे तुम्ही ऐकले असतील. पण बघणाऱ्यांनी लक्षात ठेवला तो रुसलेला वुडी.

आता आपल्याकडे येऊ. चित्रं हलती करण्याची हौस मराठी माणसाला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत दाणा पेरून, रोज थोडं थोडं चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली होती. एकेक चौकट टिपत जायचं, हे त्याच जातीचं काम. मात्र थ्रीडीची हवा भारतात आली ती ‘टॉय स्टोरी’नंतर. २००० साली चेन्नईच्या पेंटामीडियाने पांडवांवर पूर्ण लांबीचा थ्रीडी चित्रपट काढला आणि गल्लोगल्ली अ‍ॅनिमेशनचे क्लास निघाले.

मीही त्या हवेत सापडलो. २००१ मध्ये डिप्लोमा हातात, नोकरी नाही. शहरातल्या एका क्लासने पेपरात मोठी जाहिरात दिली होती. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून बावीस हजार भरले. पंधरा मुलांत चार कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर चोरीच्या सीडीवरचं, शिकवणारा आमच्याच वयाचा. किटलीचं ते बटण मी तिथेच पाहिलं होतं, ही काय भानगड म्हणून हसलोही होतो. २००२ च्या उन्हाळ्यात एका सोमवारी गेलो तर शटरला कुलूप. मालक कुठे गेला ते कळलं नाही, पैसे परत मिळाले नाहीत. घरी सराव करावा तर सॉफ्टवेअरची रीतसर किंमत लाखाच्या पुढे. वडील एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. मी परीक्षा दिली, सरकारी नोकरीत लागलो आणि तो विषय बंद केला.

त्याच उन्हाळ्यात इकडे काय चाललं होतं बघा. नेदरलंडमधल्या आइंडहोवन शहरात टोन रोसेंदाल नावाच्या गृहस्थांनी आपल्या स्टुडिओच्या कामासाठी १९९४ पासून एक थ्रीडी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं, नाव ‘ब्लेंडर’. १९९८ मध्ये ते लोकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी कंपनी काढली, गुंतवणूकदार आले. धंदा बसला नाही आणि २००२ च्या सुरुवातीला गुंतवणूकदारांनी कंपनीला टाळं लावलं. सॉफ्टवेअर त्यांच्या कुलपात अडकलं. रोसेंदाल यांनी त्यांच्याकडे बोली केली: एक लाख युरो देतो, याची मूळ संहिता मोकळी करा. एक लाख युरो म्हणजे त्या वेळचे पन्नास लाख रुपयांच्या आसपास. स्वतःपाशी एवढे नव्हतेच. म्हणून १८ जुलै २००२ ला त्यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांकडे वर्गणी मागितली.

वर्गणी म्हणजे अगदी आपल्यासारखी. कोणी थोडे दिले, कोणी जास्त. देणाऱ्यांत विद्यार्थी, हौशी लोक आणि बंद पडलेल्या कंपनीतले जुने नोकरसुद्धा. मी मंडळासाठी अकरा वर्षं पावतीपुस्तक घेऊन फिरलो आहे, एक लाख कसे जमतात ते मला विचारा! त्यांचे सात आठवड्यांत जमले. १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर मोकळं झालं. अट एवढीच: कोणीही ते घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, पण बदलून पुढे देताना त्यालाही हीच मोकळीक द्यावी. तेव्हापासून ते फुकट आहे आणि चोरीचं नाही.

म्हणजे आमच्या क्लासच्या शटरला कुलूप लागल्यावर पाचेक महिन्यांत ते दुसरं कुलूप निघालं होतं. ज्याच्या किमतीपायी मी विषय सोडला, तसलं हत्यार सायबर कॅफेतल्या कुठल्याही मशीनवर उतरवून घेता आलं असतं. मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. २०२४ मध्ये मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी ते घरी उतरवलं तेव्हा पहिल्यांदा नाव ऐकलं. बावीस वर्षं. याची चुटपुट लागत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. वडील आता नाहीत.

२०२५ च्या मार्चमध्ये ऑस्करचा सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचा मान ‘फ्लो’ या चित्रपटाला मिळाला. लात्व्हियासारख्या छोट्या देशाचं हे पहिलं ऑस्कर. पुरात सापडलेलं एक मांजर आणि त्याच्या होडीतले सोबती, संवाद एकही नाही. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस स्वतःच्या स्वतः शिकलेला तरुण, आणि चित्रपट केला आहे ब्लेंडरवर. आमच्या मुलीने बातमी मोबाईलवर दाखवली तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो. स्कूटरवर बसल्यावर एकदम लक्षात आलं, की सात आठवड्यांची ती वर्गणी इथवर आली.

ब्लेंडर शिकणाऱ्यांत हल्ली पहिली वस्तू म्हणून डोनट करायची प्रथा आहे. मुलगी म्हणाली, आपण मोदक करू. सोपा वाटला. एक कळी घडवायची आणि मधल्या आसाभोवती फिरवून तिच्या अकरा करायच्या. टोकाशी सगळ्या कळ्या जुळताना मात्र नाकी नऊ आले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “उकडीच्या हाताला तेल लाव.” पांढरा रंग दिला, खालून केळीच्या पानाचा हिरवा उजेड येऊ दिला, फोंगसाहेबांची चमक अगदी थोडी ठेवली, कारण उकड चमकते पण समईइतकी नाही. फिरवून दाखवला तेव्हा मुलगी हसायला लागली. खालून बघितलं तर मोदक पोकळ, आरपार दिसत होता. बूड करायचं राहिलंच होतं.

मी तिला न्यूएलच्या किटलीचं सांगितलं. ती म्हणाली, “ते ठीक आहे, पण सारण कुठे राहणार?” बूड आता बसवलं आहे. स्थापनेच्या दिवशी सभागृहातल्या पडद्यावर तो मोदक चेंडूसारखे तीन टप्पे घेत येईल आणि ताटात बसेल. तिसऱ्या टप्प्याला तो अजून जरा जास्त दबतो, त्यावर काम चालू आहे.